बीजांक जुळला म्हणून काय झालं?

गेल्या महिन्यात या सदरात मोठ्या संख्यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या लिहिल्या आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. काही पत्रं पोस्टाने आली, बरीच व्हॉट्सॲपवर, आणि एक चिठ्ठी तर भाजी घेताना कुणीतरी पिशवीत सरकवली. मजकूर वेगळा, घोळ तोच. एक छोटीशी कसोटी लावायची, ती जुळली की दहा-बारा अंकी संख्येवर छातीठोक निकाल देऊन मोकळं व्हायचं. अख्खी नोकरी फळ्यावर हेच खोडण्यात गेली, आता कागदावर खोडतो. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आपलं पत्र दिसलं नाही म्हणून कुणी रुसू नये.

१२३४५६७८९ ही मूळ संख्या आहे का? (इयत्ता नववी, खानापूर तालुका)

नाही. अंकांची बेरीज ४५. ९ ने भाग जातो.

तिच्यापुढं अजून एक १ लावला तर? मोबाईल मूळ हाय म्हणुलालाय, खरं आमचे सर होय बी म्हणेनात, नाही बी म्हणेनात. (त्याच वर्गातला दुसरा विद्यार्थी)

मोबाईल बरोबर आहे. तुमचे सर मोबाईलपेक्षा जास्त बरोबर आहेत.

१,२३,४५,६७,८९१ घे. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ गेला. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवले तर २१ आणि २५ येतात, फरक ४, म्हणून ११ गेला. आता ७ आणि १३. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाड आणि एक अधिक, एक उणे असं कर: ८९१ − ५६७ + २३४ − १ = ५५७. त्याला ७ ने भाग जात नाही, १३ नेही नाही. झाल्या सहा संख्या.

आणि इथंच बहुतेक मुलं पेन खाली ठेवतात. सहा जणांनी भाग गेला नाही म्हणजे कुणीच जाणार नाही, असं वाटतं. प्रत्यक्षात या संख्येचं वर्गमूळ ३५,१३६ च्या थोडं पुढं आहे. संख्या फुटणार असेल तर तिच्या दोन तुकड्यांपैकी लहान तुकडा वर्गमुळाच्या अलीकडेच सापडतो, म्हणून ३५,१३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या साडेतीन हजारांवर आहेत. एका भागाकाराला दोन मिनिटं धरली तरी शंभर तासांहून जास्त काम झालं. यंत्र ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं आणि भाग कुणाचाच जात नाही, म्हणून संख्या मूळ. तुझ्या सरांनी ते शंभर तास घालवलेले नाहीत, म्हणून ते गप्प आहेत. असे शिक्षक सांभाळून ठेवा. त्यांच्याकडूनच १९९७ ही संख्या वर्गात करून घे. तिथं ४३ पर्यंतच्या चौदाच मूळ संख्या लागतात, एका तासिकेत होतं.

मुलाच्या कन्नड पुस्तकात 'अविभाज्य संख्या' आणि 'म.सा.अ.' आहे, शिकवणीत मराठीतून 'मूळ संख्या' आणि 'मसावि' सांगतात. दोन्ही शिकवायचं का? तसंच बातम्यांत एकीकडे शतकोटी, एकीकडे अब्ज, हिंदीत अरब. नेमकं किती? (एक आई, अनगोळ)

दोन्ही एकच आहे. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून कुणी भागू शकत नाही, तिला कन्नडमध्ये अविभाज्य म्हणतात, आपण मूळ म्हणतो. म.सा.अ. म्हणजे महत्तम सामान्य अपवर्तन, तोच आपला महत्तम सामाईक विभाजक. परीक्षेत जी भाषा तोच शब्द लिहू दे आणि शंका आली तर विषयशिक्षकांना विचारा, शेजाऱ्यांना नको.

शतकोटी, अब्ज, अरब हे तिन्ही १०० कोटी. इथवर भांडण नाही. भांडण पुढच्या घरात आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त दहाच्या घातांची नावं ओळीनं दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. या यादीत खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं. हिंदीतला खरब मात्र एकावर अकरा शून्यांचा. नाव सख्ख्या भावाचं, किंमत दहापट. म्हणून मोठ्या रकमा लिहिताना सरळ कोटी आणि लाख कोटी लिहा, ते तिन्ही भाषांत एकच आहे.

जाता जाता, भास्कराचार्य आपलं गाव विज्जलवीड सांगतात. ते विजापूर म्हणणारे इकडे आहेत, चाळीसगावजवळचं पाटण म्हणणारे तिकडे आहेत. मी त्यात पडत नाही. आपल्या भागात असे वाद आधीच पुरेसे आहेत.

आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात तो संख्या फुटू नये म्हणून, असं आमच्या भटजींनी सांगितलं. खरं का? (हिंडलगा)

रुपया घाला, गणिताला मध्ये घेऊ नका. १०१ मूळ आहे, १५१ आणि २५१ ही आहेत. पण ५१ म्हणजे ३ × १७. ५०१ म्हणजे ३ × १६७. २००१ म्हणजे ३ × २३ × २९. ५००१ ला ३ ने भाग जातो. सढळ हातानं १०,००१ घातलेत तर ते ७३ × १३७. एक रुपया वाढवल्यानं संख्या विषम होते, म्हणजे दोघांत सारखी वाटता येत नाही, एवढंच. तिघांत बऱ्याचदा छान वाटता येते.

सगळ्यांत लोकप्रिय १००१ तर ७ × ११ × १३ आहे, आणि मला ती फार आवडते. कुठलेही तीन अंक घेऊन पुन्हा तेच लिहा, समजा २४७२४७. हिला ७, ११ आणि १३ तिन्हींनी भाग जाणारच, कारण ती २४७ × १००१ आहे. जत्रेत डोळे मिटून 'तुमच्या मनातल्या संख्येला तेरानं भाग जातो' सांगणाऱ्याचं भांडवल इतकंच. वर दुसऱ्या प्रश्नात तीन-तीन अंकांचे गट पाडले, त्याचंही मूळ हेच १००१.

मुलीला सुट्टीत 'वैदिक' गणिताच्या क्लासला घातलं. तिथं प्रत्येक गुणाकार बीजांकानं तपासायला शिकवलं. बीजांक जुळला की उत्तर बरोबरच, असं त्यांनी लिहूनही दिलंय. शाळेच्या चाचणीत तिनं सगळी उत्तरं तपासली, सगळे बीजांक जुळले, तरी दोन गणितं चूक निघाली. शाळेचं चुकलं की काय? उत्तरपत्रिका सोबत पाठवतो. (एक पालक, टिळकवाडी)

शाळेचं चुकलेलं नाही. मुलीचंही फारसं नाही. तिला 'लिहून' देणाऱ्यांचं चुकलं आहे, आणि ते चुकतच राहणार, कारण अर्धी गोष्ट सांगितली की विकली जाते.

तिचंच गणित घेऊ. ४५६७ × ८९२. खरं उत्तर ४०,७३,७६४. तिनं लिहिलंय ४०,३७,७६४. उतरवून घेताना ७ आणि ३ ची अदलाबदल झाली. आता बीजांक काढा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंक मिळवत जा. ४५६७ चे अंक मिळवून २२, त्याचे ४. ८९२ चे १९, त्याचे १०, त्याचा १. गुणाकाराचा बीजांक ४ हवा. तिच्या उत्तराची बेरीज ३१, बीजांक ४. जुळलं! आणि जुळणारच होतं. बेरजेला अंकांचा क्रम कळत नाही. तीच माणसं रांगेत पुढंमागं उभी केली म्हणून डोकी कमी होत नाहीत. मुलं सर्वांत जास्त जी चूक करतात, ती म्हणजे दोन अंकांची अदलाबदल, आणि बीजांकाला ती कधीच दिसत नाही. मधलं एखादं शून्य गळलं, जास्तीचं पडलं, ० च्या जागी ९ आला, तरी तो आंधळाच.

मग ही युक्ती चालते तरी कशी? यात वेद नाहीत आणि चमत्कारही नाही. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. म्हणून ४५६७ ला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच ४ + ५ + ६ + ७ ला भागल्यावर उरते. बीजांक म्हणजे ९ ने भागल्यावरची बाकी (बाकी ० असेल तिथं ९), दुसरं काही नाही. आता विचार करा, बाकी जुळणं म्हणजे संख्या जुळणं नव्हे. तुमचं उत्तर खऱ्या उत्तरापासून ९ ने, १८ ने, ९ लाखांनी चुकलं तरी बाकी तीच. कुणी डोळे झाकून उत्तर ठोकून दिलं तरी नवांत एकदा बीजांक जुळेल.

मी वर्गात एकच वाक्य सांगायचो आणि मुलं ते माझी नक्कल करून एकमेकांना ऐकवायची: बीजांकाला नापास करता येतं, पास करता येत नाही. जुळला नाही तर उत्तर नक्की चूक, पुन्हा करा. जुळला तर काय? तर काही नाही. अजून चूक सापडलेली नाही, एवढंच.

त्याच्या जोडीला ११ ची कसोटी घ्या. उजवीकडून अंक एक अधिक, एक उणे. ४५६७ चे ७ − ६ + ५ − ४ = २. ८९२ चे २ − ९ + ८ = १. गुणाकार २. खरं उत्तर ४०,७३,७६४ चं ४ − ६ + ७ − ३ + ७ − ० + ४ = १३, त्याची ११ ने बाकी २. जमलं. मुलीच्या उत्तराचं ४ − ६ + ७ − ७ + ३ − ० + ४ = ५. पकडलं! शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल ११ च्या हातून सुटत नाही. दोन्ही कसोट्या लावल्या तर ठोकून दिलेलं उत्तर नव्याण्णवांत एकदाच निसटेल. पण निसटेल. मध्ये एक अंक सोडून अदलाबदल झाली तर ११ ही फसतो.

ज्यांना खरोखर चुका पकडायच्या असतात ते म्हणून बीजांकावर विसंबत नाहीत. जुन्या दहा अंकी पुस्तक-क्रमांकात, आयएसबीएनमध्ये, ११ वापरलेला असे आणि बाकी १० आली की शेवटी एक्स छापत. तुमच्या आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, व्हरहोफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये दिलेल्या पद्धतीनं. ती पद्धत एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे झाले तर पकडतेच. पण तीही फक्त नापासच करते. अंक बरोबर बसला म्हणजे आधार खरं आहे, असं होत नाही. क्रमांक तपासायला म्हणून अनोळखी संकेतस्थळावर टाकू नका.

तुमच्या क्लासच्या कागदावर आणखी एक रत्न दिसलं: 'बीजांक १, ४, ७ किंवा ९ आला तर संख्या पूर्ण वर्ग.' उलटं आहे. पूर्ण वर्गाचा बीजांक या चारांपैकीच असतो, हे खरं. पण १३ चा बीजांकही ४ च आहे, तो कुणाचा वर्ग? आपलंच ४०,७३,७६४ बघा. बीजांक ४, शेवटी ६४, दिसायला अगदी वर्गाच्या घरचं. २०१८ चा वर्ग ४०,७२,३२४ आणि २०१९ चा ४०,७६,३६१. ते दोघांच्या मध्ये लटकलंय. 'पाऊस पडला की अंगण ओलं होतं' आणि 'अंगण ओलं म्हणजे पाऊस पडला' यातला फरक आपल्या आजीला कळत होता. अंगण सड्यानंही ओलं होतं.

पुढची फी भरायच्या आधी तो कागद घेऊन मुलीच्या गणिताच्या शिक्षकांना भेटा. क्लासवाल्यांना एकच विचारा: 'तुमची युक्ती कुठं फसते ते दाखवा.' जो दाखवेल त्याच्याकडे खुशाल पाठवा.

नवीन गाडीसाठी बेरीज ९ येणारा नंबर घ्या, व्यापाराला चांगला, असं एका अंकज्योतिषानं सांगितलं. जास्तीचे पैसे भरावे लागतात. गणिताच्या दृष्टीनं ९ मध्ये काय विशेष आहे? (व्यापारी, निपाणी)

आपण दहात मोजतो आणि ९ हा दहाच्या अलीकडचा, हे विशेष. कुठल्याही सलग नऊ नंबरांत एकाचा बीजांक ९ असतोच. माणसाच्या दोन्ही हातांना मिळून आठच बोटं असती आणि आपण आठात मोजत असतो, तर समजा ४५२७ (बेरीज १८, बीजांक ९) हा नंबर १०६५७ असा लिहिला असता आणि त्याची बेरीज झाली असती १९. गाडी तीच. ब्रेकही तेच. पैसे भरायच्या आधी घरातल्या हिशेबनिसाला विचारा, आणि तो तंबाखूच्या पेठेत वाढलेला असेल तर त्याचं ऐका.

आमच्या पतसंस्थेत सभासदांचे १६ अंकी खाते क्रमांक एक्सेलमध्ये टाकले. सगळ्यांच्या शेवटी ० दिसतंय. तीन महिने झाले, ऊसबिलाची यादी तशीच पडून आहे. रकाना रुंद करून पाहिला, फॉरमॅटही बदललं. उपाय सांगा. (सचिव, चिकोडी तालुका)

तीन महिने! अहो, हे पहिल्या दिवशी विचारायचं.

एक्सेल संख्येचे पहिले १५ अंक धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य घालतं. हा दिसण्याचा दोष नाही, अंक खरोखर गेलेला आहे. रकाना रुंद करून तो परत येणार नाही. मुळात संगणक संख्या ज्या पद्धतीनं साठवतो तिच्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंतच सगळ्या पूर्ण संख्या तंतोतंत मावतात. त्यापुढं काही संख्यांना जागाच नसते, त्या शेजारणीच्या घरात ढकलल्या जातात.

खाते क्रमांक ही संख्या नाहीच, ते नाव आहे. त्याची बेरीज-वजाबाकी कोण करतं? नावासारखंच टाका. आधी रकान्याला 'टेक्स्ट' करा, मग मूळ पासबुकावरून पुन्हा उतरवा. हातातल्या यादीचा शेवटचा अंक अंदाजानं भरू नका, आणि या यादीवरून एक रुपयाही पाठवू नका. नवी यादी झाली की बँकेच्या शाखेत समोर बसून जुळवून घ्या. उद्याच जा.

'२ चा त्या संख्येइतका घात करा, २ वजा करा, त्याच संख्येनं भाग गेला तर ती मूळ' अशी रील पाहिली. प्रोजेक्टमध्ये वापरू का? (अभियांत्रिकी, दुसरं वर्ष)

पुन्हा तेच ओलं अंगण. संख्या मूळ असेल तर भाग जातो, हे फर्मानं १६४० मध्येच सांगितलं. उलट खरं नाही. ३४१ घे. २ चा दहावा घात १०२४, म्हणजे ३ × ३४१ + १. बाकी १. तिचा चौतिसावा घात केला तरी बाकी १, म्हणून २ च्या ३४० व्या घाताची बाकी १ आणि ३४१ व्याची २. त्यातून २ वजा, भाग गेला. पण ३४१ आहे ११ × ३१. २ बदलून दुसरा पाया घेतो म्हणशील, तर ५६१ आहे. ती ३ × ११ × १७ असूनही कुठल्याही पायाला या कसोटीत सापडत नाही.

मात्र नापास करण्याच्या कामी ही कसोटी फार मोलाची आहे, आणि यातली गंमत रीलवाले सांगत नाहीत. संख्या कशी फुटते हे न कळता ती फुटते एवढं कळू शकतं. २ चा ६७ वा घात वजा १ ही एकवीस अंकी संख्या मूळ नाही हे ल्यूका यांनी १८७६ मध्येच दाखवलं, वेगळ्या कसोटीनं, पण अवयव एकही हाती नव्हता. तो १९०३ मध्ये कोल यांनी अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर मांडला: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. गुणाकार एका बैठकीत होतो. उलट जायला सत्तावीस वर्षं लागली.

खात्रीनं पास करणारी आणि तरी संख्या वाढली म्हणून हाताबाहेर न जाणारी रीत आपल्याच देशात सापडली. कानपूरच्या आयआयटीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये ती दिली. प्रोजेक्टसाठी तुझ्या मार्गदर्शकांशी बोल आणि मिलर-राबिन कसोटीपासून सुरुवात कर. पासवर्ड, पैसे यांच्याशी संबंध असेल तर स्वतः लिहिलेलं काहीही वापरू नकोस.

सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती? (अनेक जण)

अशी संख्याच नाही, मूळ संख्या संपत नाहीत. माहीत असलेल्यांपैकी मोठी म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक छापले तर साडेतेरा हजारांवर पानं लागतील.

मूळ संख्या संपत नाहीत याचा युक्लिडचा पुरावा एका विद्यार्थिनीनं बरोबर लिहिला आणि शेवटी घसरली. सगळ्या मूळ संख्या गुणून १ मिळवला की 'नवी मूळ संख्या मिळते', असं नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१, आणि ती ५९ × ५०९ आहे. तिचे अवयव नवे आहेत, पुराव्याला तेवढं पुरतं. बोर्डाच्या पेपरात हे वाक्य लिहायच्या आधी बाईंना दाखव.

आजोबा शाळामास्तर होते. त्यांच्या मोडी वहीत एके ठिकाणी '१२३४५६७९ × ९' लिहून खाली नऊ एक काढलेत. वहीत ८ राहून गेला असं समजून मी दुरुस्त करून पाहिलं तर १,११,११,११,१०१ येतं. आजोबांचं चुकलं का? वही लॅमिनेट करायला द्यायची आहे, त्याआधी कळवा. (खानापूर)

आजोबांचं बरोबर आहे. ८ तिथं नसतोच. ११,११,११,१११ ला ९ ने भागून बघा, हातचे धरत गेलात की सातानंतर थेट ९ येतो. ९ च्या जागी १८ ने गुणा, सगळे दोन येतील. २७ ने सगळे तीन.

हा नाद जुना आहे आणि आपल्या मुलखातला आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य होऊन गेले. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त असे गुणाकार गळ्यातल्या माळेसारखे मांडलेत, दोन्हीकडून सारखे दिसणारे. १,५२,२०७ × ७३ करा, आठ एक ओळीनं येतात. २,७९,९४,६८१ × ४४१ करून बघा, १२३४५६५४३२१ येईल. तुमच्या आजोबांकडे हे शाळेतून आलं की कुणा गुरुजींच्या तोंडून, हे वहीतली मागची-पुढची पानं वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

म्हणून लॅमिनेट मुळीच करू नका. जुना कागद उष्णतेनं खराब होतो आणि ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. पेनानं घातलेला तो ८ ही तसाच राहू द्या, खोडायला जाल तर खालचा कागद जाईल. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला वही दाखवा, आणि तोवर सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. इकडे येणं झालं तर मलाही दाखवा. संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.